सिसिलियन ड्रॅगन : भीती एच पट्टीची, निकाल सी३ वर

गिरणाकाठ

मुलीने ड्रॅगन, म्हणजे सिसिलियन बचावाचा काळ्याने खेळायचा एक प्रकार, खेळावा की सोडून द्यावा, असा प्रश्न गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या बुद्धिबळ वर्गातील एका पालकांनी विचारला. दोन वाक्यांत उत्तर द्यायला गेलो आणि अर्धा तास बोलत राहिलो, तरी त्यांचे समाधान झाले नाही. म्हणून तेच नीट लिहून काढतो. जिल्ह्यातील इतर खेळाडूंनीही त्यात भर घालावी.

मुलगी तेरा वर्षांची असून चाळीसगावहून येते. एका खुल्या स्पर्धेत ती काळ्या मोहऱ्यांनी दोन डाव ड्रॅगनमध्येच हरली. पहिला डाव नवव्या-दहाव्या चालीतच संपला आणि दुसरा पंचविशीच्या आसपास. घरच्यांना दोन्ही पराभव सारखेच वाटले, पण माझ्या मते त्यांची जात वेगळी आहे.

नवीन वाचकांसाठी मूळ क्रम देतो (× म्हणजे मारणे; आकड्यापुढे तीन टिंबे असली तर ती काळ्याची चाल). १. ई४ सी५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घोडा×डी४ घोडा एफ६ ५. घोडा सी३ जी६. आता काळ्याची डी६, ई७, एफ७, जी६ आणि एच७ ही प्यादी रेषेने जोडली, तर आकाशातील कालेय (ड्रॅको, म्हणजेच ड्रॅगन) तारकासमूहासारखी वळणदार आकृती दिसते. खगोलशास्त्राची आवड असलेल्या दुस-होतिमिर्स्की या खेळाडूने त्यावरून हे नाव दिले, असे सांगतात. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी मुले अजून आहेत, त्यामुळे हे नाव वर्गात चटकन लक्षात राहते.

पहिला पराभव असा झाला. पांढऱ्याने ६. एफ४ खेळून लेव्हनफिश हल्ला केला. मुलीने ६...उंट जी७ ही रोजची चाल खेळली. ७. ई५ आल्यावर तिने ७...डी×ई५ ८. एफ×ई५ घोडा जी४ अशी चाल केली, कारण घोडा ई५ च्या प्याद्यावर धावून जातो असे तिला दिसले. तिच्या डोळ्यांसमोर प्यादे होते आणि पांढऱ्याच्या डोळ्यांसमोर तिचा राजा. ९. उंट बी५ शह. आता उंट किंवा घोडा डी७ वर घातला, तर जी४ चा घोडा जातो. घोडा मध्ये आला की सी८ च्या उंटाची वाटच बंद होते. उंट मध्ये आला, तर तो राजापुढे जखडतो आणि वजिराने घोडा मारला तरी त्याला परत मारता येत नाही. म्हणून तिने राजा एफ८ वर नेला आणि १०. घोडा ई६ शह बसला. घोडा बाजूला होताच डी१ चा वजीर थेट डी८ च्या वजिरावर उघडा पडला. ई६ चा घोडा कशानेही मारला तरी वजीर गेलाच. ७...डी×ई५ च्या जागी ७...घोडा एच५ माहीत असती, तर एवढे झाले नसते. हा पराभव अज्ञानाचा होता आणि त्याला एका संध्याकाळचा अभ्यास पुरतो.

दुसरा पराभव समजुतीचा होता. तिथे युगोस्लाव हल्ला आला, आणि ड्रॅगन खेळणाऱ्याने ज्यासाठी तयार राहायचे असते तो हाच. ६. उंट ई३ उंट जी७ ७. एफ३ किल्लेकोट ८. वजीर डी२ घोडा सी६ ९. उंट सी४ उंट डी७ १०. लांब (वजिराच्या बाजूचा) किल्लेकोट हत्ती सी८ ११. उंट बी३ घोडा ई५ १२. एच४. एफ३ चे प्यादे घोड्याला जी४ वर येऊ देत नाही. वजीर आणि ई३ चा उंट एका कर्णावर उभे राहून एच६ वर नेम धरतात, म्हणजे जी७ चा उंट बदलून काळ्या राजाचे छप्पर काढता येते. मग एच५ करून एच पट्टी, म्हणजे एच अक्षराची उभी रांग, उघडायची आणि वजीर-हत्तीने एच७ गाठायचे. हे शाळकरी मुलालाही दहा मिनिटांत शिकवता येते. म्हणूनच ड्रॅगन काळ्यापेक्षा पांढऱ्याला सोपा आहे, आणि ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

तिने त्या डावात काय केले? एच पट्टी उघडल्यावर ती राजा वाचवत बसली. हत्ती एच८ वर, राजा जी८ वरून एफ८ वर, घोडा मागे. एकेक चाल पाहिली तर बरोबर होती, पण सगळ्या मिळून डाव हरवणाऱ्या ठरल्या. राजे विरुद्ध बाजूंना गेले की बचावाची प्रत्येक चाल समोरच्याला बक्षीस म्हणून मिळते. काळ्याच्या हाती सी पट्टी असते आणि जी७ वरून थेट बी२ पर्यंत पाहणारा उंट असतो. त्या दोघांच्या वाटा पांढऱ्याच्या सी३ च्या घोड्याजवळ भेटतात. हाच घोडा ई४ चे प्यादे राखतो आणि डी५ वर उडी मारून आपल्या एफ६ च्या घोड्याला, म्हणजे एच७ च्या एकुलत्या एका खऱ्या राखणदाराला, मारतो. म्हणून ड्रॅगनमध्ये हत्ती देऊन सी३ चा घोडा घेणे ही धाडसाची नव्हे, तर नेहमीच्या व्यवहाराची चाल आहे. बी×सी३ झाले की राजापुढची प्यादी मोडतात, डी५ वरची उडी संपते, आणि वजीर ए५ वर येऊन ए२ व सी३ अशा दोन्ही घरांवर नजर ठेवतो. मुलीला ही चाल ठाऊक होती. तिने ती खेळली नाही, कारण “हत्ती पाच गुणांचा आणि घोडा तीन गुणांचा” हे कोष्टक तिला मीच तिसऱ्या इयत्तेत पाठ करून घेतले होते.

सी३ चे महत्त्व सर्वांत स्पष्ट कळते ते पांढऱ्याने जिंकलेल्या एका डावात. १९७४ साली मॉस्कोत उमेदवारांच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात कार्पोव्हविरुद्ध कोर्चनोय ड्रॅगन खेळला. वरच्याच क्रमाने स्थिती आली आणि पुढे १२...घोडा सी४ १३. उंट×सी४ हत्ती×सी४ १४. एच५ घोडा×एच५ १५. जी४ घोडा एफ६ असे झाले. एच पट्टी उघडली आहे आणि आपल्या वर्गातील कोणीही इथे धावत सुटेल. कार्पोव्हने मात्र १६. घोडा डी४ वरून ई२ वर मागे घेतला. ही चाल मुलांना दाखवली की ती हसतात. पण आता सी३ वर हत्तीने मारले, तर दुसरा घोडा परत मारतो आणि प्यादी जागच्या जागी राहतात. काळ्याचे मुख्य हत्यार एका माघारीच्या चालीने बोथट झाले. तीन चालींनी १९. हत्ती डी३ करून त्याने सी३ ची राखण हत्तीकडे सोपवली, म्हणजे ई२ चा घोडा हल्ल्याला मोकळा झाला. सत्ताविसाव्या चालीला कोर्चनोयने डाव सोडला.

हा डाव पटावर मांडून पाहिल्याशिवाय कोणीही “ड्रॅगन चांगला” किंवा “ड्रॅगन वाईट” असे मत देऊ नये, एवढीच विनंती.

भुसावळ जंक्शन

सर, लेख आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती हे कशाला द्यायचे? तिला कारो-कान (१. ई४ ला सी६ ने उत्तर देणारा बचाव) द्या. तिथे एक चाल चुकली तर स्थिती थोडी वाईट होते. ड्रॅगनमध्ये एक चाल चुकली तर घरी जाण्याची गाडी लवकर मिळते, एवढाच फायदा.

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आनंद आणि कास्पारोव्ह यांचा सामना चालू होता, तेव्हा आम्ही चार-पाच जण क्वार्टरच्या ओट्यावर वर्तमानपत्रातल्या चाली वाचून डाव मांडत असू. आठ डाव बरोबरीत गेले, नववा आनंदने जिंकला आणि आम्ही पेढे वाटले. दहावा कास्पारोव्हने जिंकला. अकराव्यात कास्पारोव्ह काळ्या मोहऱ्यांनी, एरवी नायडॉर्फ (सिसिलियनचाच दुसरा प्रकार) खेळणारा माणूस, अचानक ड्रॅगन खेळला आणि जिंकला. तेराव्यात पुन्हा तेच, पुन्हा काळ्याने विजय. त्या दिवसापासून हे नाव ऐकले की माझ्या तोंडाची चव जाते, हे आधीच कबूल करतो.

पण मुद्दा भावनेचा नाही. कास्पारोव्हकडे अभ्यासाला माणसे होती, महिन्यांची तयारी होती. आपल्या मुलांकडे शाळा, शिकवणी आणि रविवार आहे. संगणकावरच्या बुद्धिबळ इंजिनाने पंचविसाव्या चालीपर्यंत शोधलेल्या चाली पाठ करणारा समोर बसला, तर समजुतीने काय होणार?

गिरणाकाठ

दादा, पेढ्यांचे दुःख समजू शकतो. आम्हीही तेच वर्तमानपत्र वाचत होतो.

कारो-कान उत्तम बचाव आहे आणि मी तो तीन मुलांना शिकवतो. पण ही मुलगी तो खेळताना कंटाळते, आणि कंटाळलेला खेळाडू शांत स्थितीतही मोहरा टाकतो. पाठांतराबद्दल माझा अनुभव तुमच्याविरुद्ध आहे. आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या स्पर्धांत युगोस्लाव हल्ला अठराव्या चालीपर्यंत नीट खेळणारा प्रतिस्पर्धी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला आहे. बहुतेक जण दुसऱ्याच चालीला सी३ किंवा उंट सी४ खेळतात, किंवा चौथ्या चालीला वजिराने डी४ मारतात. ड्रॅगन शिकणाऱ्याचा निम्मा वेळ ड्रॅगनच न होऊ देणाऱ्यांसाठी जातो. त्याची तयारी न करता फक्त हत्ती×सी३ चे व्हिडिओ पाहणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना तुमचा सल्ला लागू पडतो.

शहाद्याची वाचक

मी खेळाडू नाही, मुलासोबत शिकते आहे, म्हणून प्रश्न साधा वाटल्यास क्षमस्व. काळ्याला मध्यभागी डी५ खेळून एकदाच मोकळे होता येत नाही का? आणि पांढरा नवव्या चालीला उंट सी४ वर नेतो आणि अकराव्याला स्वतःच बी३ वर मागे घेतो, मग ती चाल वाया गेली नाही का?

पांझरा_धुळे

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत आणि ते अजिबात साधे नाहीत. उंट सी४ वर येतो तो मुख्यतः डी५ रोखण्यासाठी. पांढरा एक चाल खर्च करतो आणि त्या किमतीत काळ्याची सुटका बंद करतो. बी३ वर गेला तरी तो त्याच कर्णावर राहतो, त्यामुळे डी५ वरचा पहारा आणि एफ७ वरची नजर कायम राहते.

त्याने ती किंमत दिली नाही तर काय होते, ते पाहा. ९. लांब किल्लेकोट डी५ १०. ई×डी५ घोडा×डी५ ११. घोडा×सी६ बी×सी६. इथे जाणकार पांढरा १२. उंट डी४ खेळतो. पण समोर प्यादे फुकट दिसत असल्यामुळे पुष्कळ जण १२. घोडा×डी५ सी×डी५ १३. वजीर×डी५ असे मारतात. आता काळ्याने ए८ चा हत्ती वाचवायचाच नाही. १३...वजीर सी७. पांढऱ्याने १४. वजीर×ए८ घेतला, तर १४...उंट एफ५ येते. एका चालीत सी२ वर मात ठरते आणि एफ८ च्या हत्तीची वाट मोकळी होऊन तो ए८ च्या वजिरावर पडतो. पांढऱ्याला १५. वजीर×एफ८ शह देऊन वजिराच्या बदल्यात दोन हत्ती घ्यावे लागतात आणि नंतर १६. हत्ती डी२ करून सी२ राखावे लागते. हिशेबात ते फार वाईट नाही, पण वजीर एकट्या काळ्याकडे आणि राजा उघडा पांढऱ्याचा. अशी स्थिती मला पांढऱ्या बाजूने कोणी दिली, तर मी चहाला उठेन.

म्हणून शिकवताना मी मुलांना एकच गोष्ट विचारते. पांढऱ्याचा उंट सी४ वर आला का? आला नसेल, तर सर्वांत आधी डी५ पाहा. आला असेल, तर गिरणाकाठ सरांनी लिहिलेल्या सी पट्टीच्या वाटेने जा.

सातपुडा पायथा

सरांच्या लेखात एक बारीक दुरुस्ती सुचवतो. मॉस्कोच्या त्या डावात कार्पोव्हने किल्लेकोट दहाव्या चालीला केला नव्हता. त्याने १०. एच४ आधी खेळली आणि किल्लेकोट बाराव्या चालीला केला. बारा चालींनंतर स्थिती तीच येते, त्यामुळे विवेचन बदलत नाही.

मला मात्र त्या डावात माघारीच्या घोड्यापेक्षा विसावी चाल मोठी वाटते. काळ्याचा हत्ती सी५ वर उभा राहून पाचवी ओळ राखत होता, म्हणजे पांढऱ्याचा घोडा डी५ वर आला की त्याला मारायला तयार होता. कार्पोव्हने २०. जी५ खेळून प्यादे देऊ केले आणि हत्तीने ते जी५ वर घेतले. आता २१. हत्ती डी५ ! घोडा डी५ वर न आणता आधी हत्ती आणला, कारण २१...हत्ती×डी५ २२. घोडा×डी५ झाल्यावर त्या घोड्याला मारायला हत्ती उरत नाही. प्याद्यापाठोपाठ एक हत्ती बदलला गेला आणि एफ६ चा राखणदार उघडा पडला. पुढे चोविसाव्या चालीला ई५ करून त्याने पाचवी ओळच बंद केली, कारण काळ्याचा वजीर ए५ वरून जी५ ला शह देत बचावाला आला असता. शेवटी वजीर×एच७ शह येतो तेव्हा ते नाट्यमय दिसते, पण खरे काम पाचव्या ओळीवर झाले होते.

मुलांना देताना मी हा डाव विसाव्या चालीवर थांबवतो आणि वहीत उत्तर लिहायला सांगतो. बहुतेकांच्या वहीत घोडा डी५ असते.

आणखी एक. १२. एच४ ला १२...एच५ हे सोल्टिसचे उत्तर कोणी लिहिले नाही. अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्र्यू सोल्टिसच्या नावाने ते ओळखले जाते. प्यादे पुढे टाकून एच पट्टी तिथेच कुलूपबंद करायची. मग पांढऱ्याला जी४ करून ती फोडायला वेळ लागतो. १३. उंट जी५ आली, तर १३...हत्ती सी५ करून डी५ वर पहारा बसवता येतो. चाळीसगावच्या मुलीला मी हेच सुचवेन. तिला राजाची काळजी वाटते ना? मग ती काळजी एका चालीत मिटवावी आणि उरलेल्या चाली सी पट्टीला द्याव्यात.

गिरणाकाठ

दुरुस्ती मान्य आहे. मी नेहमीचा क्रम लिहिला आणि तोच त्या डावावर चिकटवला. विसाव्या चालीवर थांबवण्याची पद्धत मी या रविवारपासून उचलतो.

सोल्टिसबद्दल माझी थोडी भीती आहे. एच५ झाल्यावर मुले समजतात की दार लागले. जी४ एच×जी४ झाल्यावर तेच दार पुन्हा उघडते, आणि तोवर सी पट्टीवर काही केलेले नसेल तर दोन चालींची बचत पाण्यात जाते. तरीही तिच्या स्वभावाला ते जुळेल असे वाटते.

भुसावळ जंक्शन

पांझरा ताईंनी दिलेला वजीर सी७ चा प्रकार काल रात्री जुन्या लाकडी पटावर मांडला. माझ्या पटाचा एक उंट हरवलेला आहे, त्या जागी शिसपेन्सिलीचा तुकडा ठेवतो. तो तुकडा एफ५ वर ठेवला आणि बराच वेळ पाहत बसलो. कारो-कानचा आग्रह मी सोडलेला नाही. पण “एक चाल चुकली तर संपले” हे वाक्य पांढऱ्यालाही लागू होते, हे मी लिहिताना विसरलो होतो.

तिचे बाबा

नमस्कार. ज्या पालकांचा उल्लेख झाला तो मीच. मला चाली फारशा कळत नाहीत, म्हणून मुलीने सांगितलेले तसेच उतरवतो. काही चुकल्यास सरांनी दुरुस्त करावे.

काल अमळनेरला एक दिवसाची स्पर्धा होती. चौथ्या फेरीत तिला काळे मोहरे मिळाले. समोरचा मुलगा वयाने मोठा होता. त्याने उंट सी४ वर न आणता आधी किल्लेकोट केला. तिने डी५ खेळले. त्यानेही वर दिल्याप्रमाणे प्यादे मारले आणि तिने वजीर सी७ वर नेला. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो तिथे बारा मिनिटे विचार करत बसला. मी दाराबाहेरून पाहत होतो. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. चाल घाईने करू नये म्हणून सरांनी लावलेली ती सवय आहे. त्याने हत्ती घेतला नाही. वजीर सी५ वर आणला, तिने वजीर बी७ वर नेला, त्याने वजीर ए३ वर नेला.

इथे तिला पुढचे सुचले नाही. तिने हत्ती डी८ वर आणून हत्ती बदलले, आणि एक प्यादे कमी असलेला शेवट ती साठाव्या चालीपर्यंत लढून हरली. येताना गाडीत ती जेवली नाही, पण रडलीही नाही. घरी आल्यावर पट मांडला तो पंधराव्या चालीचा. सर, तिथे काय खेळायला हवे होते, असे तिने विचारायला सांगितले आहे.

गिरणाकाठ

तिला सांगा, १५...उंट एफ५. एक प्यादे कमी आहे हे विसरायचे. जी७ चा उंट आणि बी७ चा वजीर दोघेही बी२ वर पाहत आहेत, एफ५ चा उंट सी२ वर, आणि आता दोन्ही हत्ती बी८ व सी८ वर यायला मोकळे आहेत. हत्ती बदलले की हा सगळा दाब उतरतो आणि फक्त कमी असलेले प्यादे उरते. काल नेमके तेच झाले. पांढरा १६. उंट ए६ करून वजिराला हुसकेल, तेव्हा तिने वजीर सी७ वर न्यावा, कारण पुन्हा सी२ वर मात उभी राहते. त्याच्या पुढचे मी आज लिहीत नाही. रविवारी तिने पांढऱ्या बाजूने बसायचे आहे आणि मी काळ्या.